त्यो तितं काय करत हुता?

कोल्हापुरातल्या शाहू स्मारकच्या कलादालनात आम्ही चौघांनी मिळून एकदा फोटोंचं प्रदर्शन भरवलं होतं. सह्याद्रीतले साप, बेडूक, सरडे. दसरा चौकातनं जाणारी-येणारी माणसं आत डोकवायची, शाळेची पोरं सापासमोर उभी राहून एकमेकांना पुढं ढकलायची आणि दर दहा माणसांत एखादा तरी हळूच विचारायचा, "हे तुम्हीच काढलंय की नेटवरनं घेतलंय?"

तिसऱ्या दिवशी आबा आले. आबा म्हणजे माझे थोरले चुलते. राधानगरी रस्त्याला आमचं गाव, तिथं त्यांची ऊस-भाताची शेती. एसटीनं आले होते, हातात वांग्यांची पिशवी. पिशवी माझ्याकडं दिली, धोतराच्या सोग्यानं चष्मा पुसला, हात पाठीमागं बांधले आणि बाजारात बैल बघत फिरावं तसे एकेक फोटो बघत निघाले.

माझा सगळ्यात लाडका फोटो दाराच्या समोरच लावला होता. शेवाळानं मढलेल्या फांदीवर वेटोळं घालून बसलेला हिरवा चापडा. मागं काळाभोर अंधार. खवला न् खवला मोजून घ्यावा असा स्पष्ट, आणि ओठाच्या कडेला पाण्याचा एक थेंब. कुणी विकत मागितलाच तर किती सांगायचे, ते मी मनात ठरवून ठेवलं होतं. आबा त्याच्यासमोर बराच वेळ थांबले.

"चापडा हाय. चांगला उतरलाय. पर त्यो तितं काय करत हुता?"

"बसला होता, आबा."

"बसलाय ते दिसतंय की. पर तितंच का बसला? त्येच्या म्होरं काय हुतं?"

मी काहीतरी पुटपुटलो आणि त्यांना चहाला घेऊन गेलो. कारण त्याच्या म्होरं काही नव्हतंच. म्होरं आम्ही होतो. त्या फांदीवर त्याला आम्हीच बसवलं होतं.

झालं होतं ते असं. आजऱ्यावरून आंबोलीला जाणाऱ्या रस्त्यावर, रात्री साडेदहाच्या सुमाराला, एका मोरीच्या कठड्याशी हा चापडा दिसला. कठड्याला लागून कारवीची चार झुडपं, त्यात अडकलेली गुटख्याची पाकिटं आणि कुठली तरी तुटकी वायर. त्या वायरीलाच शेपटी गुंडाळून तो खाली तोंड करून बसला होता. फोटोला अगदीच वाईट जागा. आमच्यातल्या एकाकडं साप उचलायचा हूक होता, दुसऱ्यानं गाडीच्या डिकीतनं शेवाळाची फांदी आणली. होय, फांदी आम्ही संध्याकाळीच गोळा करून ठेवली होती, असं काही मिळालं तर असावी म्हणून! पाऊण तास आम्ही त्याला त्या फांदीवर बसवत होतो. तो उतरायचा, आम्ही परत चढवायचो. शेवटी तो दमला असावा. ओठावरचा थेंबही पावसाचा नव्हे. बाटलीच्या टोपणानं शिंपडलेला.

चापडा हा दबा धरणारा साप. डोळा आणि नाकपुडी यांच्या मधे त्याला एक खाच असते. समोरच्या प्राण्याच्या अंगाची ऊब त्याला त्या खाचेतनं अंधारातही कळते. एकदा मोक्याची जागा सापडली की कित्येकदा दिवसच्या दिवस तो तिथून हलत नाही. दुसऱ्या रात्री आम्ही परत त्या मोरीवर गेलो, आणखी फोटो मिळतील म्हणून. वायर होती, चापडा नव्हता.

शिराळ्याच्या नागपंचमीवर आमचा ग्रुप तेव्हा तावातावानं बोलायचा. उच्च न्यायालयानं तिथं जिवंत नागांचा खेळ थांबवायला लावला तेव्हा आम्ही बरोबरच झालं म्हणालो होतो. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यातली 'शिकार' या शब्दाची व्याख्या मी फार उशिरा वाचली. तिच्यात मारण्याच्या जोडीनं पकडणं, अडकवणं, हाकणं हेही येतं. शिराळकरांनी निदान नागाला हळद-कुंकू वाहिलं होतं. आम्ही बाटलीतलं पाणी शिंपडलं.

आबा काही प्राणीप्रेमी वगैरे नाहीत. तरुणपणी वैरणीच्या गंजीत निघालेल्या दोन घोणशी त्यांनी काठीनं मारल्यात आणि ते तसं सरळ सांगतात. पण त्यांच्या तोंडी साप कधी नुसता येत नाही. 'बांधावरची धामण', 'हिरीच्या कपारीतला विरोळा', 'गंजीतली घोणस', 'चिव्याच्या बेटातला चापडा'. आधी जागा, मग जनावर. जागेवरनं ते जनावर ओळखतात आणि बऱ्याचदा त्याच्या मनात काय आहे तेही. माझ्या फोटोतनं जागाच गायब होती, म्हणून त्यांना तो अर्धाच दिसला. चुलती मात्र हिरवं काही दिसलं की हरणटोळ म्हणते आणि हरणटोळ झाडावरनं टाळूवरच उडी मारतो यावर तिचा आजही विश्वास आहे. तेव्हा गावाकडच्या सगळ्यांनाच सगळं कळतं असं म्हणायचा माझा इरादा नाही.

जागा जाते ती फक्त हुकानं नव्हे, कॅमेऱ्यानंही जाते. मॅक्रो लेन्सनं जीव कॅमेऱ्याच्या सेन्सरवर खऱ्या मापाएवढा घ्यायचा म्हटलं की लेन्सचं छिद्र एफ-११ इतकं बारीक केलं तरी जेमतेम मिलिमीटर-दीड मिलिमीटर जाडीचाच पट्टा स्पष्ट येतो. डोळा स्पष्ट तर नाक धूसर. त्यात रात्र, त्यात पाऊस, म्हणून फ्लॅश लागतोच. आणि फ्लॅश पोचतो हातभर. त्याच्या पलीकडचा ओढा, दगड, झाड, धुकं सगळं काळं. नवख्या माणसाला ही काळी पार्श्वभूमी फार आवडते, मलाही आवडायची. स्टुडिओत काढल्यासारखं वाटतं. वाटतं म्हणजे काय, तसंच असतं ते. फ्लॅशचा उजेड मऊ करायला त्याच्यासमोर दूधपिशव्या, थर्माकोल, ट्रेसिंग पेपर असले नाना प्रकार करून झाले. सगळ्यात मऊ उजेड मिळाला तो बटर पेपर आणि शेवेच्या रिकाम्या पाकिटाच्या आतल्या चंदेरी बाजूनं. बाजारात असले पडदे तयार मिळतात ते महागही असतात आणि पहिल्या पावसात मान टाकतात.

आबांचा प्रश्न डोक्यात बसल्यावर पहिला त्रास सुरू झाला तो बेडकांचा. झुडपातला बेडूक असतो जेमतेम बोटाच्या पेराएवढा. नर पानावर बसून टिक-टिक-टिक करत राहतो, घड्याळाच्या दुकानात उभं राहिल्यासारखं वाटतं. आवाजाच्या दिशेनं जावं, टॉर्च मारावा, तर चूप. टॉर्च विझवून पाच मिनिटं थांबावं, की परत टिक. आम्ही पूर्वी या पाच मिनिटांना वैतागायचो. पण तो तिथं काय करत होता? मादीला बोलवत होता. पावसाळ्यातल्या मोजक्या रात्री त्याच्या हातात, आणि त्यातली एकेक रात्र आम्ही चौघं टॉर्चधारी आळीपाळीनं खात होतो. "फक्त दोनच फ्रेम" म्हणणारे चौघं असले की फ्रेमा चाळीस होतात.

मग मी एक केलं. एकट्यानं किंवा फार तर दोघांनी जायचं, आणि कॅमेरा काढायच्या आधी अर्धा तास नुसतं बसायचं. ऐकायला सोपं वाटतं. जुलैमधल्या आंबोलीत अर्धा तास एका जागी बसून बघा! वर्षाला सात हजार मिलिमीटरच्या घरात पाऊस पडणारं गाव ते, कोल्हापूर शहराच्या कितीतरी पट. छत्री उलटी होते, लेन्सवर वाफ धरते आणि जळवा मोज्यातनं वाट काढतात. जळवांवरची मीठ-तंबाखूची पुरचुंडी मी सोडून दिली, कारण तेच हात मग ओल्या पानाला लागतात. बेडकाची कातडी म्हणजे त्याचं अर्धं फुप्फुस. पाणी आणि हवा तो कातडीतनं घेतो, आणि आपल्या हातावरचं मीठ, डासांचं मलमही. जळू लागली तर लागली, नखानं बाजूला सारायची.

अशाच एका बसण्यात मला आयुष्यातला सगळ्यात सुंदर तास मिळाला. आंबोलीतल्या एका घरामागं सिमेंटची पाण्याची टाकी आहे, तिच्यावर एक फांदी झुकलेली. मलबारी उडता बेडूक ऐकून सगळ्यांना माहीत असतो. हिरवागार, बोटांमधे नारिंगी-लाल पडदे, ते पसरून एका झाडावरनं दुसऱ्या झाडावर तरंगत जातो. उडताना तो मला कधीच दिसला नाही, आणि दिसल्याचं सांगणाऱ्यांतल्या निम्म्यांवर माझा विश्वास नाही. मी बघितलं ते वेगळंच. मादी फांदीच्या टोकाला, पाठीवर तिच्याहून बराच लहान नर. मादीनं मागचे दोन्ही पाय हलवायला सुरुवात केली. एक पाय आत, एक बाहेर, मग उलट, अगदी आपल्याकडं रवीनं ताक घुसळतात त्या लयीत. तिच्या अंगातनं निघालेल्या चिकट द्रवाचा पांढरा फेस व्हायला लागला. फेस फुगत गेला, दोन-तीन पानं त्यात चिकटून आपोआप मिटली. मधेच ती थांबायची, बाजू हलवल्यासारखी श्वास घ्यायची, परत घुसळायची. त्या फेसात अंडी. बाहेरून तो जरासा सुकतो, आतली ओल टिकते आणि आठवडाभरात पिल्लं फेसातनं टपटप खाली पाण्यात पडतात. फांदी टाकीच्या बरोब्बर वर का, ते तेव्हा कळलं.

घरातल्या काकूंनी मागच्या दाराची ट्यूब न सांगताच बंद केली होती. म्हणाल्या, दरवर्षी येतात, पिल्लं पडून मोठी होईपर्यंत आम्ही ही टाकी धूत नाही. त्या तासाभरात मी सहा फोटो काढले. त्यात टाकी दिसते, नळ दिसतो, टाकीवर ठेवलेला प्लास्टिकचा मगही दिसतो. तो मग बाजूला ठेवायला हात शिवशिवले होते. ठेवला नाही.

त्याच आंबोलीत एक छोटा भेक आहे, झँथोफ्रायनी टायगेरिना. अंगावर वाघासारखे पट्टे. शास्त्रज्ञ एस. डी. बिजू आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००९ मध्ये त्याला नाव दिलं आणि आज तो अतिसंकटग्रस्त प्राण्यांच्या यादीत आहे. पहिल्या सरींना सड्यावरच्या खडकात जी वीतभर डबकी साचतात, त्यांत त्याचा संसार. अशा जिवाच्या फोटोखाली लोक मोबाइलवरनं त्या जागेचा नेमका ठावठिकाणा टाकतात तेव्हा माझं डोकं सणकतं. पुढच्या शनिवारी तिथं तीन गाड्या उभ्या असतात. डबक्याचा फोटो काढायला गेलेला माणूस उभा कुठं असतो? शेजारच्या डबक्यात. तेच बूट घालून तो रविवारी दुसऱ्या घाटात जातो, हे आणखी वाईट. कायट्रिड नावाची बुरशी ओल्या मातीतनं, पाण्यातनं अशीच पसरते. २०१९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासानं या बुरशीमुळं जगभरातल्या ५०१ उभयचर जाती घटल्याचं आणि त्यातल्या ९० संपल्याचं मांडलं. तेव्हापासून एका जागेवरनं दुसरीकडं जाताना बूट घासून, धुवून, खडखडीत वाळवून नेतो. पावसाळ्यात कोल्हापुरात बूट वाळवणं म्हणजे काय, ते आमच्या घरच्यांना विचारा. गॅसशेजारी बूट बघून झालेली भांडणं इथं लिहीत नाही.

सरपटणाऱ्यांमधे सगळंच काही रात्रीचं आणि ओलं नसतं. कोल्हापूरचं नाव मिरवणारी एक पाल आहे, निमॅस्पिस कोल्हापुरेन्सिस. तीही २००९ चीच, वरद गिरी आणि सहकाऱ्यांनी शोधलेली. घरातल्या पालीसारखी उभी फट नसते तिच्या डोळ्यात, गोल बाहुली असते, कारण ती दिवसाची. तिचा एकही धड फोटो माझ्याकडं नाही, दगडाच्या पलीकडच्या बाजूला सरकण्यात ती माझ्यापेक्षा कायम अर्धा सेकंद पुढं. आणि साताऱ्याजवळ चाळकेवाडीच्या पठारावर, पवनचक्क्यांखाली, भर मे महिन्यात पालथं पडून काढलेला सरडा. सरडा सुपर्बा, २०१६ मध्ये नाव मिळालेला. (शास्त्रीय नावातही 'सरडा' हा आपला शब्द तसाच आलाय, याचा मला उगाचच अभिमान.) नर एका दगडावर चढतो आणि गळ्याखालचा निळा-काळा-नारिंगी पंखा उघडमीट करतो. हा फोटो बघून आबा लगेच म्हणाले, "मिजास करायलंय बेणं." इथं दगड फोटोत होता, दगडावर उभं राहायचं कारण फोटोत होतं. प्रश्न आला नाही.

पण ज्या फोटोवर त्यांनी पहिल्यांदा मान डोलावली तो मोबाइलवर काढलेला आहे, तोही हललेला. २०१९ चा ऑगस्ट. कोल्हापुरात पावसाळ्यात एकमेकांना 'कसा आहेस' विचारायच्या आधी 'किती फूट?' विचारतात. राजाराम बंधाऱ्यावर ४३ फूट ही धोक्याची पातळी. त्या वर्षी पंचगंगा ५५ फुटांच्या पुढं गेली. आमच्या खालच्या मजल्यावर छातीभर पाणी होतं, आम्ही माडीवर. कॅमेऱ्याची बॅग पोटमाळ्यावर तांदळाच्या पोत्यामागं. सकाळी जिन्याच्या लोखंडी कठड्यावर एक विरोळा गुंडाळी करून बसलेला दिसला. पाण्यातला साप, पोहायला पट्टीचा, पण त्या ओढीपुढं तोही दमला असणार. त्याच्या वरच्या पायरीवर आमच्या चपला आणि स्टोव्ह. खालची पायरी पाण्यात. शेजारच्या आजी म्हणाल्या, हाकल त्याला. आई म्हणाली, कुठं हाकलायचा? दोन दिवस आम्ही कठड्याला हात न लावता चढ-उतार केली. तिसऱ्या दिवशी पाणी तीन पायऱ्या उतरलं आणि तोही दिसेनासा झाला.

पूर ओसरल्यावर आबा आमची खबर घ्यायला आले, तेव्हा त्यांना मोबाइल दाखवला. त्यांनी साप बघितला, मग चपला बघितल्या, मग पाणी. "व्हय," एवढंच म्हणाले आणि मोबाइल परत दिला.

त्यानंतर मी लेन्स बदलली म्हटलं तरी चालेल. मॅक्रो अजून आहे, पण बॅगेतनं आधी निघते ती वाइड अँगल. फ्लॅश एकदम मंद, बाजूनं, आणि शटर जितकं हळू जमेल तितकं, म्हणजे मागचं आभाळ आणि ओढा थोडे तरी उतरतात. दहातले आठ फोटो वाया जातात. जनावर फोटोत एवढंसं दिसतं. सोशल मीडियावर टाकले तर लोक विचारतात, साप कुठाय? माझ्या जुन्या जोडीदारांपैकी एकाला हे सगळं थोतांड वाटतं. त्याचं म्हणणं, अशा फोटोला कुणी थांबून बघत नाही, आणि थांबून बघितलं नाही तर सापाबद्दल कुणाला माया कशी वाटणार. त्याच्या म्हणण्यात दम नाही असं मला म्हणता येत नाही. मोरीवरच्या त्या चापड्याच्या फोटोनं दोन-चार पोरांना तरी सापांचं वेड लावलं असेल. तो फोटो मी भिंतीवरनं काढला, हार्ड डिस्कवरनं मात्र अजून काढलेला नाही.

मागच्या पावसाळ्यात गगनबावड्याच्या बाजूला गेलो होतो. बरोबर तिथल्याच एका वाडीतले मामा. रानात गुरं राखण्यात जन्म गेलेला, टॉर्चसुद्धा नको असलेला माणूस. रस्त्यालगतच्या एका ओहळापाशी त्यांनी माझी बाही धरली आणि खुणेनं खाली दाखवलं. मला काही दिसेना. "पाव्हणं, पानं बघू नकासा. पानांच्या मधलं बघा." मग दिसला. गुडघ्याएवढ्या उंचीवर, कारवीच्या दांड्याला लगटून, पानाच्या देठासारखा एक चापडा. तोंड खाली, पाण्याकडं. अर्धा तास बसलो. फोटो काढला तेव्हा सापाहून जास्त जागा ओहळानं घेतली, वरून पडणाऱ्या पावसाच्या रेघा आल्या, मागं धुक्यात एक वाकडं झाड आलं. चापडा डाव्या कोपऱ्यात, बोटभर.

त्याची मोठी प्रिंट काढून गावाकडं नेली. आबांचं आता वय झालंय, दोन्ही डोळ्यांचं मोतीबिंदूचं ऑपरेशन झालंय. सोप्यात बसले होते. फोटो मांडीवर घेतला.

"ह्यात काय हाय? वढा हाय नुसता."

मी गप्प बसलो. त्यांनी फोटो उजेडाकडं तिरका धरला. बोट पाण्यापासनं निघालं, दगडावरनं गेलं, कारवीच्या दांड्यावरनं हळूहळू वर चढलं आणि थांबलं.

"हितं हाय की." मग बोट परत खाली, पाण्याच्या कडेला. "ही बेडकांची वाट हाय. गिऱ्हाईक येतंय का बघत बसलाय गडी."

चुलती चहा घेऊन आली होती. आबांनी कप घेतला आणि फोटो तिच्या हातात दिला.

"हुडीक बघू."